ओहोटीची रात्र आणि गोव्याचे दप्तर

संस्थेची वाटचाल लिहायची म्हणजे आधी संस्थापकाच्या तसबिरीला हार, मग वास्तू, मग कार्यवाहांची नावे, असा आपला रिवाज. गोव्याच्या पुराभिलेखागाराची गोष्ट त्या रिवाजात बसत नाही. तिचा संस्थापक स्पेनचा राजा दुसरा फिलिप. त्याने गोवा कधी पाहिला नाही. पहिला दप्तरदार मूळचा शिपाई. आणि फिरंग्यांच्या पराक्रमाची नोंद राहावी म्हणून काढलेल्या ह्या संस्थेने सगळ्यांत चोख नोंद ठेवली ती फिरंग्यांच्या भीतीची. मला ही संस्था आवडते ती ह्या शेवटच्या कारणासाठी.

भीतीची सर्वांत मोठी नोंद 1683 सालच्या नोव्हेंबर-डिसेंबरातली आहे. संभाजी महाराजांच्या माणसांनी ओहोटीची वेळ साधून गोवे शहराच्या उशाशी असलेले जुवे बेट एका रात्रीत घेतले. शहर मात्र हाती आले नाही. ह्या मोहिमेचे समकालीन मराठी कागद आपल्याकडे नसल्यासारखेच आहेत. शिवकाळ आणि संभाजीकाळ यांतले मराठी दप्तर मुळात फारसे उरलेच नाही. त्या रात्रीबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतेक शत्रूने लिहिलेले, शत्रूने बांधून ठेवलेले. ते पिसुर्ले गावच्या एका मराठी माणसाच्या हाती पडेपर्यंत जवळजवळ अडीचशे वर्षे गेली.

1580 नंतर पोर्तुगालचे राज्य स्पेनच्या राजाकडे आले. फिलिप हा कागदांचा राजा. आपल्या साम्राज्याची खबर तो घोड्यावरून घेत नसे, टेबलावर बसून घेत असे. त्याने 1595 मध्ये हुकूम काढला, की लिस्बनमध्ये जसे तोर्रे दु तोंबु हे राजदप्तर आहे तसेच गोव्यातही असावे, आणि ते दियोगु दु कोउतु याने सांभाळावे. कोउतु 1559 मध्ये शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला होता. पोर्तुगीज महाकवी कामोंइश मोझांबिकमध्ये कफल्लक होऊन अडकला होता, तेव्हा त्याला तिथे भेटलेल्या मित्रांत हा होता. पुढे तो गोव्यातच राहिला आणि 1616 मध्ये गोव्यातच वारला. जुवांव द बार्रुश याने अर्धवट सोडलेला पोर्तुगीजांच्या पूर्वेतील कामगिरीचा इतिहास पुढे चालवायचा, ही त्याची खरी हौस. दप्तर हे त्या इतिहासासाठी लागणारे कोठार. म्हणजे संस्था सुरू झाली ती राजाच्या सोयीसाठी आणि एका लेखकाच्या गरजेतून. असा योग आपल्याकडच्या संस्थांनाही क्वचितच लाभतो.

ह्या कोठारात माल कसा भरत गेला ते समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याचे वेळापत्रक पावसाने ठरवलेले होते. लिस्बनहून जहाजे मार्च-एप्रिलात निघत आणि नैऋत्येचे वारे धरून सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्याला लागत. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत सुटत. राजाचा प्रश्न आणि गोव्यातल्या विजरईचे, म्हणजे व्हाइसरॉयचे, उत्तर यांत म्हणून दीड-दोन वर्षे सहज जात. जहाज बुडाले तर पत्रही बुडे. त्यासाठी एकाच पत्राच्या दोन-तीन नकला वेगवेगळ्या जहाजांतून रवाना होत, आणि पत्राच्या डोक्यावर ही पहिली वाट, ही दुसरी वाट असे लिहिलेले असे. ह्या पत्रव्यवहाराच्या बांधीव खंडांना मोसमांची पुस्तके म्हणत. आज ती साडेचारशेच्या घरात आहेत. त्यांच्या शेजारी ‘शेजारच्या राजांची पुस्तके’ नावाची दुसरी रांग. आदिलशहा, मोगल, सौंधेकर, मराठे, ज्याच्या-त्याच्याशी झालेला पत्रव्यवहार तिच्यात उतरवलेला. आणि तिसरी, माझ्या मते सर्वांत मोलाची, राज्यमंडळाच्या ठरावांच्या वह्यांची. विजरईने बैठक बोलावली की कोण काय बोलले, कोणी विरोध केला, शेवटी काय ठरले, हे चिटणीस लिहून घेई आणि मंडळी खाली सह्या करीत. घाबरलेला माणूस बैठकीत फार बोलतो. ह्या वह्या म्हणून वाचनीय.

आता शहर. आज आपण ज्याला जुने गोवे म्हणतो ते तेव्हाचे गोवे. ते मुख्य भूमीवर नव्हते. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, आणि पूर्वेला ह्या दोघींना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी, यांच्या कोंदणात तिसवाडीचे बेट आहे. बेटाच्या पूर्व कडेने तट, आणि जिथे उतार होता तिथे चौकी. ह्या चौक्यांना पोर्तुगीज ‘पास्सु’ म्हणत. बाणस्तारी, दावजी, आगशी ही त्यांतली काही नावे. ह्या नाक्यांवर काय चाले ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्याच्या आर्चबिशपकडे कारकुनी करणाऱ्या लिन्शोतेन नावाच्या डच माणसाने लिहून ठेवले आहे. मुख्य भूमीवर जाणाऱ्या स्थानिक माणसाच्या उघड्या दंडावर शिक्का मारला जाई, आणि परतताना तो दाखवावा लागे. शिक्क्यांवर इतका भरवसा असलेल्या सरकारचे दप्तर जाडजूड व्हायचेच.

बेटाचे खरे रक्षण मात्र तटाने केले नाही, भरती-ओहोटीने केले. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा चढते, दोनदा उतरते. उतरले की काही ठिकाणी चिखलातून माणूस चालत जाऊ शकतो. चढले की होडीशिवाय गत्यंतर नाही. शिवाय मगरी. त्या कुंभारजुव्याच्या खाडीत आजही दिसतात. तेव्हा गोव्यावर अचानक झडप घालायची तर दोनच उपाय होते. शहरात आधीच माणसे पेरून ठेवायची, किंवा पाण्याची वेळ साधायची.

पहिला उपाय शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करून पाहिला. चारपाचशे माणसे वेगवेगळ्या वेषांत, थोडी थोडी करून शहरात घुसवायची आणि एका रात्री आतून दरवाजा उघडायचा, असा तो बेत होता. विजरई कोंद द सांव व्हिसेंत याला त्याचा वास लागला. इंग्रज वखारवाल्यांच्या पत्रांत अशी हकीकत आहे की त्याने मराठ्यांच्या वकिलाला बोलावून स्वतःच्या हाताने त्याच्या कानाखाली वाजवली आणि त्याला व आत शिरलेल्या माणसांना शहराबाहेर काढले. त्याच सुमारास, म्हणजे 1668 च्या नोव्हेंबरात, महाराजांनी नदीपलीकडच्या नार्वे येथे सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. शिलालेख आजही तिथे आहे. शहर मिळाले नाही तरी शहराच्या समोर देव बसवला. हा योगायोग असे ज्यांना म्हणायचे असेल त्यांनी म्हणावे.

दुसरा उपाय संभाजी महाराजांचा. त्याआधीची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. 1682 मध्ये पोर्तुगीजांनी कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ठाणे घातले. मोगलांना कोकणात रसद नेण्याची वाट दिली. महाराजांनी 1683 च्या पावसाळ्यात चौल-रेवदंड्याला वेढा घातला. उत्तरेकडचा ताण कमी करावा म्हणून विजरई फ्रांसिस्कु द ताव्होरा, म्हणजे आल्व्होरचा कोंद, नोव्हेंबराच्या सुरुवातीला स्वतः फोंड्यावर चालून गेला. फोंड्यात मोठा खजिना आहे अशी हूल महाराजांनीच उठवली होती, असे मनुची म्हणतो. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा भटका वैद्य त्या वेळी गोव्यात होता आणि विजरईचा वकील म्हणून महाराजांकडे गेला होता. त्याचे प्रत्येक वाक्य खरे धरू नये, कारण त्याच्या गोष्टींत शहाणा सल्ला नेहमी मनुचीच देतो. पण डोळ्यांनी पाहिलेले तो चांगले सांगतो.

फोंड्याच्या किल्ल्यात मराठ्यांचे येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी होते. तोफांनी तटाला खिंडार पडले, तरी आतले लोक हटले नाहीत. इतक्यात महाराज कुमक घेऊन आले. विजरईने वेढा उठवला आणि पावसातून, चिखलातून, सामान टाकत दुर्भाटच्या बाजूने माघार घेतली. कृष्णाजी कंक जखमांनी गेले. गोव्यात ही फौज परतली तेव्हा शहराने आपला विजरई प्रथमच हरून आलेला पाहिला.

पंधरवडाही लोटला नव्हता. 24 नोव्हेंबर 1683. इथे एक कंटाळवाणी पण उपयोगी गोष्ट सांगून टाकतो. पोर्तुगीज नवे ग्रेगोरियन पंचांग वापरत, इंग्रज जुने ज्युलियन. दोघांत दहा दिवसांचा फरक. म्हणून इंग्रजी पंचांगाने तीच रात्र 14 नोव्हेंबरची ठरते. आपल्या पुस्तकांत ह्या मोहिमेच्या तारखा एकमेकींशी भांडताना दिसतात त्यामागे बऱ्याचदा एवढेच असते. तिथी मोजली तर ती मार्गशीर्ष शुद्ध पंचमी-षष्ठीच्या आसपास येते. ह्या तिथीला रात्री दहाच्या सुमारास तिथे ओहोटी असते, आणि चंद्रकोरही मावळतीला टेकलेली असते. वेळ निवडणाऱ्याला खाडी ठाऊक होती, यात मला शंका नाही.

जुवे, पोर्तुगीजांचे सांतु इस्तेव, हे गोवे शहराच्या ईशान्येला मांडवीच्या फाट्यांत वसलेले बेट. आज गोवेकर त्याला लांब भेंड्यांसाठी ओळखतात, शाकेचो जुवो म्हणतात. टेकडीवर तेव्हा छोटासा किल्ला होता. तो घेतला की खाली फाटा, फाट्यापलीकडे दावजीची चौकी, आणि तिथून शहर पायी अंतरावर. दहाच्या सुमारास पाणी उतरले आणि चाळीसएक मराठे चिखल तुडवत पलीकडे गेले. किल्ल्याचे पहारेकरी कापले गेले. किल्ला मराठ्यांचा झाला. मागून आणखी माणसे येत राहिली. शहरात घंटा वाजू लागल्या.

सकाळी विजरई स्वतः निघाला. फोंड्याची नामुष्की धुऊन काढायची घाई त्याला असणार. चारशेच्या आसपास माणसे घेऊन तो दावजीहून जुव्यात उतरला आणि टेकडी चढू लागला. वरून मराठे तुटून पडले. फिरंग्यांची फळी मोडली. जो तो पाण्याकडे पळत सुटला. काही चिखलात रुतले, काही बुडाले, काही तलवारीखाली आले. विजरईच्या दंडाला गोळी लागली. तो होडीपर्यंत कसाबसा पोहोचला. याच धामधुमीत महाराजांनी घोडा पाण्यात घातला, प्रवाहात घोडा वाहू लागला आणि खंडो बल्लाळ चिटणिसांनी उडी घालून धन्याला वाचवले, ही हकीकत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती आपल्या परंपरेतली. गोव्याचे दप्तर पाहते ते विजरईच्या होडीतून, आणि त्या होडीतल्या माणसाला मागे वळून बघायची फुरसत नव्हती.

शहर त्या दिवशी का पडले नाही? ह्या प्रश्नावर आपल्याकडे भावनेने फार आणि नकाशा बघून फार थोडे लिहिले गेले आहे. जुवे घेतल्यावरही एक फाटा उरत होता. अचानकपणा हे ह्या चालीतले एकच हत्यार होते, आणि ते रात्री किल्ल्यावर खर्ची पडले. सकाळी शहर जागे होते, चौक्यांवर तोफा भरलेल्या होत्या. मराठ्यांच्या जवळ त्या पाण्यात तोफांसमोर टिकणारे आरमार नव्हते. पाणी पुन्हा उतरेल, हे जितके मराठ्यांना ठाऊक तितकेच फिरंग्यांनाही. महाराजांनी दोनएक दिवसांत जुवे सोडले. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता. ओहोटीने मिळवलेले भरतीला राखायचे तर मागे मोठी फौज लागते.

त्यांनी मोर्चा फिरवला. डिसेंबराच्या दुसऱ्या आठवड्यात मराठे साष्टी आणि बार्देशात शिरले. मडगाव घेतले, थिवी आणि शापोरा हे किल्ले घेतले. शहर आता तिन्ही बाजूंनी उघडे पडले. तेव्हा विजरईने जे केले ते जगातल्या फार थोड्या सेनापतींनी केले असेल. तो राज्यमंडळाच्या सभासदांना घेऊन बॉम जेजूसच्या चर्चमध्ये गेला, संत फ्रान्सिस झेव्हियरची शवपेटी उघडवली, आणि आपला राजदंड, राजाची सनद आणि सही केलेला कागद संताच्या जवळ ठेवला. राज्य आता तूच सांभाळ. पुढे नव्याने येणारे गव्हर्नर हा दंड संताच्या हातूनच घेतल्यासारखा घेऊ लागले. एका ओहोटीने असा रिवाज मागे सोडला.

मग मोगल शहजादा शाहआलम याची फौज रामघाटातून कोकणात उतरली. महाराजांना पाठीमागचा धोका दिसला आणि ते डिसेंबराच्या अखेरीस रायगडाकडे वळले. जानेवारीत वाटाघाटी सुरू झाल्या. मराठ्यांच्या बाजूने त्या कवी कलश आणि औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर यांनी चालवल्या. गोव्यात लोकांनी संताचे आभार मानले. शाहआलमच्या फौजेची घाटात उपासमारीने आणि रोगराईने दैना उडाली. तिचे आभार कोणी मानले नाहीत.

त्याच जानेवारीत विजरईने राज्यमंडळापुढे प्रस्ताव ठेवला की राजधानी गोव्यातून उचलून मुरगावला न्यावी. कारण सरळ होते. जे शहर चाळीस माणसांनी ओहोटीत हादरते ते राजधानीला लायक नाही. मुरगावला बांधकाम सुरूही झाले, पुढे रेंगाळले, अखेर सोडून दिले गेले. पण शहराचा आत्मविश्वास गेला तो गेलाच. रोगराई आधीच होती. 1695 मध्ये विजरई पाणेलीला राहायला गेला, आणि अठराव्या शतकाच्या मध्याला पणजीच्या आदिलशाही वाड्यात. 1843 मध्ये पणजी ही कागदोपत्रीही राजधानी झाली. जुन्या गोव्याच्या घरांचे दगड लोक काढून नेऊ लागले. शहर हल्ल्याने पडले नाही, ओस पडले. उरले ते दप्तर, तेही राजधानीबरोबर बिऱ्हाडे बदलत.

बिऱ्हाड बदलताना सामान हरवते. 1777 मध्ये लिस्बनच्या हुकमावरून मोसमांच्या पुस्तकांपैकी साठेक खंड पोर्तुगालला गेले ते तिकडचेच झाले. ठरावांच्या वह्या, सुदैवाने, इथेच राहिल्या. काही सामान मुद्दाम हरवले गेले. गोव्याची इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, 1812 मध्ये कायमची बंद झाली, आणि तिची बहुतेक कागदपत्रे जाळण्यात आली. राज्याच्या भीतीचे कागद ठेवले, आणि राज्याने इतरांना घातलेल्या भीतीचे कागद जाळले, असे म्हटले तर कोणी रागावू नये. दप्तर म्हणजे सत्य नव्हे. दप्तर म्हणजे कोणीतरी ठेवावेसे वाटलेले कागद.

एकोणिसाव्या शतकात ह्या धुळीत पहिल्यांदा हात घातला तो एका ग्रंथपालाने. पोर्तुगालमधल्या एव्होरा शहराचे ग्रंथालय सांभाळणारे कुन्य रिवारा 1855 मध्ये गोवा सरकारचे मुख्य सचिव म्हणून आले. 1857 पासून त्यांनी ‘आर्किव्हु पोर्तुगेझ ओरिएंताल’ ह्या नावाने मूळ कागद छापायला सुरुवात केली आणि जवळजवळ वीस वर्षे ते काम चालवले. कोकणी भाषेच्या इतिहासावरही त्यांनी लिहिले. सचिवाची खुर्ची सांभाळून असे काम करणारा अधिकारी आज दाखवा. त्यांचे लक्ष मात्र राजाची फर्माने, शहराचे हक्क, धर्मसभा यांच्याकडे होते. मराठ्यांकडे कोण बघणार?

ते बघणारा माणूस 1894 मध्ये सत्तरीतल्या पिसुर्ले गावी जन्मला. पांडुरंग सखाराम शेणवी पिसुर्लेकर. घरची भाषा कोकणी, लिहिण्याची मराठी, आणि राज्यकर्त्यांची पोर्तुगीज. तिन्हींत सारखाच सराव. मराठ्यांच्या इतिहासाची साधने शोधण्याचा ध्यास घेतलेली पिढी तेव्हा पुण्यात होती. 1910 मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले होते, राजवाडे-खरे यांची खंडांवर खंड छापण्याची झड सुरू होती. पण पोर्तुगीज येणारे त्यांच्यात कोण? पिसुर्लेकरांनी 1920 च्या दशकात ‘पोर्तुगीज आणि मराठे’ ही पोर्तुगीज लेखमाला सुरू केली. शिवाजी, मग संभाजी, मग राजाराम, अशी एकेका छत्रपतीची प्रकरणे गोव्याच्या दप्तरातून रचत गेले. 1930 च्या सुमारास दप्तराचा कारभार त्यांच्याकडे आला आणि 1961 पर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला.

ह्या तीस वर्षांबद्दल बोलताना माझा हात थोडा सैल सुटतो, त्याला इलाज नाही. कल्पना करा. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची राजवट. हिंदू माणूस पोर्तुगीज सरकारच्या नोकरीत. हाताशी असलेले कागद त्याच सरकारच्या पूर्वजांच्या फजितीचे. त्याने ते लपवले नाहीत आणि त्यांचा डांगोराही पिटला नाही. छापले. 1951 मध्ये हिंदुस्थानातल्या किल्ल्यांचे नियम, 1952 मध्ये पोर्तुगीजांच्या राजकारणात वकील आणि दुभाषे म्हणून वावरलेल्या हिंदू, मुसलमान, ज्यू, पारशी माणसांवरचे पुस्तक, 1955 मध्ये दप्तराची मार्गदर्शिका. आणि 1953 ते 1957 ह्या चार वर्षांत राज्यमंडळाच्या ठरावांचे पाच खंड, 1618 पासून 1750 पर्यंतचे. फोंडा, जुवे, साष्टी-बार्देश, संताच्या पायाशी ठेवलेला दंड, मुरगावचा बेत, हे सारे त्यांतल्या चौथ्या खंडाच्या काळात येते. खाली टीपांत पिसुर्लेकर. वर विजरई घाबरतोय, खाली पिसुर्लेकर शांतपणे तारीख जुळवताहेत.

दुभाष्यांवरच्या त्या पुस्तकाकडे मराठी वाचकांचे फारसे लक्ष गेले नाही, ही माझी जुनी तक्रार. संभाजी महाराजांकडून आलेले पत्र विजरईला वाचता येत नव्हते. ते आधी राज्याच्या दुभाष्याच्या हातात पडे, आणि दुभाषी बहुधा गोव्यातलाच सारस्वत. तो ते पोर्तुगीजमध्ये उतरवी, आणि दप्तरात जाई ते उतरवलेले. म्हणजे पोर्तुगीज साधने असे आपण ज्यांना म्हणतो त्यांतली बरीच वाक्ये आधी एखाद्या शेणव्याच्या तोंडून मराठीतून गेलेली आहेत.

ह्या छापील खंडांनी इकडे महाराष्ट्रात काय केले ते सगळ्यांना माहीत असेलच असे नाही. संभाजी महाराज व्यसनी, उतावळे, राज्य बुडवणारे, हे चित्र बखरींनी रंगवले आणि नाटकांनी गडद केले. वा. सी. बेंद्रे यांचे ‘छत्रपती संभाजी महाराज’ 1960 मध्ये आले, कमल गोखले यांचे ‘शिवपुत्र संभाजी’ 1971 मध्ये. दोन्ही पुस्तकांत एक वेगळाच राजा उभा राहिला. मोगल, सिद्दी, पोर्तुगीज अशा आघाड्या एकाच वेळी पेलणारा, स्वतः मोहिमेवर जाणारा. ह्या राजाच्या बाजूने साक्ष द्यायला गोव्याचा विजरई आला होता. आपला शत्रू मूर्ख आणि व्यसनी आहे असे त्याला एकदाही वाटले नाही. तो त्याला घाबरला, आणि सहीनिशी घाबरला.

1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. राज्यकर्ते गेले, दप्तर राहिले. त्याआधी 1950 च्या दशकात लिस्बनहून आलेल्या मंडळींनी त्यातल्या बऱ्याच खंडांच्या सूक्ष्मफिती काढून नेल्या होत्या, त्यामुळे दोन्ही देशांना ते वाचता येते. ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा पिसुर्लेकरांचा मराठी ग्रंथ पुणे विद्यापीठाने 1967 मध्ये छापला. दोन वर्षांनी, 1969 मध्ये, ते गेले. त्यांच्या पोर्तुगीज लेखमालेचे इंग्रजी भाषांतर महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1975 मध्ये काढले.

पुढची वाटचाल सरकारी खात्याची. ती सांगायला फार वेळ लागत नाही. मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर काम केलेले वि. त्र्यं. गुणे पुण्याकडून येऊन संचालक झाले. त्यांनी 1973 मध्ये दप्तरातील संग्रहांची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पुढे प्र. पां. शिरोडकर आले. ‘पुराभिलेख-पुरातत्त्व’ हे नियतकालिक 1980 च्या दशकात निघाले. गावकरीच्या, म्हणजे ग्रामसंस्थांच्या, वह्या, मोडी कागद, जमिनीचे दस्तऐवज, यांच्यासाठी येणारे लोक इतिहासकारांपेक्षा नेहमीच जास्त होते, आणि ते बरोबरच आहे. ज्याच्या आजोबाचे भाट, म्हणजे बागायत, वादात आहे त्याला विजरईच्या दंडाला लागलेल्या गोळीशी काय करायचे? अलीकडच्या वर्षांत बऱ्याच खंडांच्या डिजिटल प्रती झाल्या आहेत. गोव्याच्या दमट हवेत, कागद खाणाऱ्या शाईत आणि वाळवीच्या राज्यात हे खंड चारशे वर्षे टिकले. आमच्या गडांवरच्या दप्तरांना तेवढी वर्षे मिळाली नाहीत.

आज गोव्याचे दप्तर वाचायला जाणाऱ्यांत पोर्तुगीज, अमेरिकन, ब्राझिलियन अभ्यासक असतात. मराठी मुले कमी दिसतात. मोडीचे वर्ग गावोगाव भरतात, त्यांत दोनशे-दोनशे उमेदवार बसतात, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांतल्या चार जणांनी तरी पोर्तुगीज शिकावे. ठरावांचे पाच खंड छापलेले आहेत, हस्तलिखित लावण्याचीही कटकट नाही. चौथा खंड उघडा आणि 1683 च्या नोव्हेंबरपासून वाचायला लागा.